वणाच्या काठावर

पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या वैद्यकीय विद्यापीठात २०१२ साली डॉ. पावेल तबाकोव्ह यांनी एका रुग्णाची कवटी उघडली आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, वासाचं काम करणाऱ्या दोन घ्राणकंदांपैकी एक बाहेर काढला. रुग्णाच्या मेंदूला काहीच झालेलं नव्हतं. दुखणं पाठीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर चाकूहल्ला झाला होता आणि छातीच्या भागात, नवव्या मणक्याच्या पातळीवर, त्याचा मज्जारज्जू जवळपास पूर्ण कापला गेला होता. बाजूला एक पातळशी पट्टी तेवढी शिल्लक होती. दारेक फिदिका हे त्याचं नाव, नोकरी अग्निशमन दलातली. कमरेखाली संवेदना नाही, हालचाल नाही. कित्येक महिने कसून व्यायाम करूनही तसूभर फरक पडलेला नव्हता.

घ्राणकंदातून मिळवलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या आणि दोन आठवड्यांनी दुसरी शस्त्रक्रिया झाली. हाताशी होता जेमतेम थेंबभर द्रव, त्यात सुमारे पाच लाख पेशी. तुटलेल्या मज्जारज्जूच्या वरच्या आणि खालच्या टोकात जवळजवळ शंभर सूक्ष्म इंजेक्शनं देऊन त्या सोडल्या. मधली फट आठ मिलिमीटरची. तिच्यावर रुग्णाच्याच घोट्याजवळून काढलेल्या नसेच्या चार बारीक पट्ट्या आडव्या बसवल्या.

तीन महिन्यांनी डाव्या मांडीचा स्नायू भरू लागला. सहा महिन्यांनी पायांना आधारपट्टे लावून, दोन दांड्यांच्या मधोमध, फिजिओथेरपिस्टच्या मदतीने त्याने पहिली पावलं टाकली. २०१४च्या ऑक्टोबरात बातमी जगभर गेली तेव्हा तो वॉकर धरून दवाखान्याबाहेर चालत होता, आणि मूत्राशय व आतड्यांची थोडी जाणीवही परतली होती. आठवड्यातले पाच दिवस, रोज पाच तास व्यायाम चालू होता, हेही सांगायला हवं.

बातम्यांचा सगळा भर माणूस चालला यावर होता, आणि ते साहजिकच आहे. मला मात्र या शस्त्रक्रियेचा आराखडा त्याहून महत्त्वाचा वाटतो. मध्ये नस, आणि दोन्ही काठांना घ्राणकंदातल्या पेशी. फट सांधायला नस होती, तर काठांवर इतक्या कष्टाने मिळवलेल्या वेगळ्या पेशी कशाला सोडायच्या? त्यासाठी मेंदूचा एक भाग काढण्याचा धोका का पत्करायचा? याचं उत्तर मज्जारज्जूच्या वणात आहे. बाहेरून आणलेली पेशी आणि वण धरणारी घरची पेशी समोरासमोर आल्या की त्यांचं एकमेकींशी जमतं की फाटतं, यावर पुढचं सगळं ठरतं. चाळीस-पन्नास वर्षांचं संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरलं आहे.

हात कापला, नस तुटली आणि सर्जनने ती नीट जोडली तर ती वाढते. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. महिनोन्‌महिने थांबावं लागतं, पण बोटांत संवेदना येते. या वाढीचं श्रेय श्वॉन पेशींकडे जातं. थिओडोर श्वॉन या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आधारपेशी चेतातंतूला वेढून बसलेल्या असतात. नस तुटली की त्या आपलं नेहमीचं काम सोडतात, मोडका माल साफ करतात, रांगा धरतात आणि वाढीला पोषक रसायनं सोडतात. त्या रांगांमधून नवा तंतू पुढे सरकतो.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आत श्वॉन पेशी नसतात. तिथे दुसऱ्या आधारपेशी असतात आणि त्यांच्यात संख्येने व कामाने मोठ्या असतात त्या अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे तारापेशी. मधल्या देहातून चहूकडे फाटे फुटलेले, म्हणून ताऱ्याचं नाव. एरवी या पेशी चेतापेशींना खाऊपिऊ घालतात, क्षारांचं प्रमाण राखतात, रक्तवाहिन्यांभोवती पहारा देतात. मज्जारज्जूला मार बसला की काही दिवसांतच जखमेभोवतीच्या तारापेशी फुगतात, वाढतात, लांबट होतात. त्यांचे फाटे एकमेकींत गुंतत जातात. दोनेक आठवड्यांत जखमेच्या गाभ्याभोवती दाट कडं तयार होतं. गाभ्यात रक्तवाहिन्यांलगतच्या आणि आवरणातल्या तंतुपेशी शिरून बसतात, सोबत सूज आणणाऱ्या पेशींचा गराडा. हे सगळं मिळून होतो तो वण.

स्पेनचे सांतियागो रामोन ई काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं की मज्जारज्जूतला तुटलेला तंतू आधी थोडी धडपड करतो, टोकाला गोळा धरतो आणि तिथेच थांबतो. त्यांचे सहकारी तेयो यांनी १९११च्या सुमारास प्राण्यांच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा लावून पाहिला, आणि काही तंतू त्या तुकड्यात शिरले. म्हणजे चेतापेशीत वाढायची ताकद होती, तिला वाट मिळत नव्हती. हे निरीक्षण पुढे जवळजवळ सत्तर वर्षं बाजूला पडून राहिलं. १९८१मध्ये मॉन्ट्रियलच्या सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट आग्वायो यांनी उंदरांमध्ये मेंदूचा तळ आणि मज्जारज्जू यांच्यात नसेचा तुकडा पुलासारखा जोडला. दोन्ही टोकांच्या चेतापेशींचे तंतू त्या पुलातून सुमारे तीस मिलिमीटर वाढले. उंदराच्या मापाने ही मोठी मजल.

पण पुलाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेले तंतू मज्जारज्जूत परत शिरताना अडले. थोडे आत गेले, बाकी उंबरठ्यावरच थबकले. नसेतल्या श्वॉन पेशींनी तंतूंना हात धरून आणलं आणि पुढचा मुलूख तारापेशींचा होता. या दोन मुलखांमध्ये जी हद्द पडली ती ओलांडायला तंतू तयार नव्हते.

अशी हद्द निरोगी शरीरातही असते. पाठीच्या कण्यालगत जिथे संवेदना आणणाऱ्या नसा मज्जारज्जूत शिरतात, तिथे श्वॉन पेशींचा प्रदेश संपतो आणि तारापेशींचा सुरू होतो. मोटारसायकलच्या अपघातात खांदा आणि मान विरुद्ध दिशांना ओढली जाऊन या मुळांपैकी काही उपटली जातात. हात लुळा पडतो, वर जळजळीत वेदना. आपल्याकडच्या दुचाक्यांच्या अपघातांत हे काही दुर्मीळ नाही. मज्जारज्जूबाहेर तुटलेली नस जोडता येते, मुळातूनच उपटलेली नस नुसती परत टेकवून भागत नाही, याचं एक मोठं कारण ही हद्द.

शरीरात एकच जागा अशी आहे जिथे आयुष्यभर नवे चेतातंतू बाहेरून मेंदूत शिरत राहतात. ती म्हणजे नाक. वास ओळखणाऱ्या चेतापेशी नाकाच्या वरच्या अस्तरात उघड्यावर असतात. धूळ, धूर, सर्दीचे विषाणू झेलत त्या काही आठवड्यांत ते महिन्यांत मरतात आणि तळच्या पेशींतून नव्या येतात. प्रत्येक नव्या पेशीला आपला तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर नेऊन घ्राणकंदात जोडावा लागतो. या प्रवासात तिच्या सोबत असते एक खास आधारपेशी, जी थोडी श्वॉन पेशीसारखी वागते आणि थोडी तारापेशीसारखी. मराठीत तिला घ्राण-आवरणपेशी म्हणता येईल, पुढे मी घ्राणपेशी एवढंच म्हणतो. लंडनच्या मिल हिल इथल्या संस्थेत काम करणारे जेफ्री रेझमन यांनी १९८५मध्ये या व्यवस्थेचं वर्णन केलं. त्यांच्या नजरेत भरलं ते असं, की मेंदूच्या वेशीवर घ्राणपेशी आणि तारापेशी शेजारी शेजारी नांदतात आणि तंतू मधून सहज आत जातात.

रेझमन यांनी पुढची बारा वर्षं याच प्रश्नावर लावली. त्यांनी आणि यिंग ली, फील्ड या सहकाऱ्यांनी १९९७मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला त्यात उंदरांना पंजा पुढे करून खाऊ उचलायला शिकवलं होतं. मेंदूतून पंजाकडे हुकूम नेणारा तंतूंचा पट्टा मानेत एका बाजूने तोडल्यावर त्या बाजूचा पंजा निकामी झाला. मग जखमेत घ्राणपेशी सोडल्या. काही उंदरांनी तो पंजा पुन्हा पुढे केला, आणि ज्यांनी केला त्यांच्या जखमेत तंतू पलीकडे गेलेले दिसले. स्पेनमध्ये आल्मुदेना रामोन-क्वेतो याच दिशेने काम करत होत्या.

आता ग्लासगोला जाऊ. कारण घ्राणपेशी आणि श्वॉन पेशी यांच्यात नेमका फरक काय, हे इतक्या साध्या रीतीने क्वचितच कुणी दाखवलं असेल.

सुसान बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या छोट्या गोल चकतीवर द्रवाचा एक थेंब पट्टीसारखा ओढतात. या पट्टीत श्वॉन पेशी. शेजारी, थोडं अंतर सोडून, समांतर दुसरी पट्टी तारापेशींची. पेशी काचेला चिकटल्या की जास्तीचा द्रव धुऊन टाकायचा आणि चकती उबदार पेटीत ठेवून द्यायची. दोन्ही पट्ट्या आपापल्या परीने पसरत जातात. काही दिवसांनी कडा एकमेकींना भिडतात. मग त्यांना आणखी वेळ द्यायचा आणि रंग देऊन पाहायचं, एक जात हिरवी, दुसरी लाल. आंद्रास लाकातोस, रॉबिन फ्रँकलिन आणि बार्नेट यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या चित्रांत श्वॉन पेशी आणि तारापेशी यांच्यामध्ये स्वच्छ रेघ दिसते. हिरवं इकडे, लाल तिकडे, भाऊबंदकीत शेताला बांध पडावा तशी. रेघेलगतच्या तारापेशी आकाराने फुगलेल्या, वणातल्या तारापेशींसारख्या, आणि तंतूंना अडवणारी साखर-प्रथिनं जास्त बनवणाऱ्या. त्याच प्रयोगात श्वॉन पेशींच्या जागी घ्राणपेशी ठेवल्या तर रेघ पडतच नाही. हिरवं लालात शिरतं, लाल हिरव्यात, आणि तारापेशी फारशा फुगत नाहीत. २००३मध्ये याच गटाने जिवंत उंदराच्या मज्जारज्जूत दोन्ही पेशी सोडून पाहिल्या. तिथेही श्वॉन पेशींभोवती तारापेशींची चिडचिड जास्त दिसली, घ्राणपेशींभोवती कमी.

हे का होतं? एक धागा एन-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाचा. पेशीच्या पृष्ठभागावरचं हे प्रथिन शेजारच्या पेशीवरच्या त्याच प्रथिनाला चिकटतं. ते श्वॉन पेशीतही असतं, घ्राणपेशीतही. पण श्वॉन पेशी तारापेशीला भेटली की या प्रथिनामुळे तिला घट्ट चिकटते आणि पुढे सरकू शकत नाही. श्वॉन पेशीतलं हे प्रथिन कमी केलं तर ती मोकळी होऊन तारापेशींमध्ये मिसळते. घ्राणपेशीला असल्या उपायाची गरज नाही, तिच्या हालचालीवर या प्रथिनाचा तसा परिणाम होत नाही.

दुसरा धागा मला जास्त रोचक वाटतो. श्वॉन पेशी ज्या द्रवात वाढल्या तो द्रव गाळून, एकही श्वॉन पेशी न ठेवता, घ्राणपेशी आणि तारापेशींच्या चकतीत घातला तर तिथेही रेघ पडते. म्हणजे भांडण नुसतं स्पर्शाचं नाही, हवेत सोडलेल्या संदेशाचंही आहे. शोध घेत ग्लासगोचा गट हेपरान सल्फेट या लांब साखळीच्या साखरेपर्यंत पोचला. श्वॉन पेशींनी सोडलेल्या या साखळीवर सल्फेटचे गट अधिक असतात, आणि ती वाढीच्या रसायनांना तारापेशीच्या दारापर्यंत नेऊन पोचवते. तारापेशी बिथरते. ती साखळी तोडणारं एन्झाइम घातलं की रेघ विरते. कमी सल्फेटचं, बदल केलेलं हेपरिन घातलं तरी रेघ मऊ होते. श्वॉन पेशी नसेतून सहज मिळतात आणि माणसाच्या शरीराबाहेर चांगल्या वाढतात. त्यांचं बोलणं जरा हळू करता आलं, तर घ्राणपेशीसाठी मेंदूपर्यंत जायची गरज उरणार नाही, अशी त्यामागची आशा.

इथपर्यंतच्या कथेत वण हा खलनायक आहे. संशोधकांचीही बराच काळ तशीच समजूत होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये एलिझाबेथ ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये वणातल्या साखर-प्रथिनांच्या साखळ्या कापणारं जिवाणूचं एन्झाइम उंदरांच्या जखमी मज्जारज्जूत सोडलं. तंतू वाढले, चालणं सुधारलं. मग वण काढूनच टाकला तर?

लॉस एंजेलिसमधल्या मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटाने तेच करून पाहिलं. २००४मध्ये त्यांनी उंदरांमध्ये वण धरणाऱ्या तारापेशी जनुकीय युक्तीने मारल्या. सूज जखमेतून आजूबाजूच्या निरोगी भागात पसरली, अधिक चेतापेशी मेल्या आणि उंदरांची अवस्था वाईट झाली. कडं होतं म्हणून आग आटोक्यात राहत होती. २०१६मध्ये याच गटाने आणखी पुढची गोष्ट दाखवली. तारापेशींचा वण रोखला तरी तंतू आपोआप वाढले नाहीत. उलट योग्य वाढ-रसायनं पुरवली तेव्हा तंतू तारापेशींच्या वणातूनच पुढे गेले, आणि वण नसला तर ही वाढ घटली. तंतूंना अडवणारी प्रथिनं फक्त तारापेशीच बनवतात असंही नाही, गाभ्यातल्या इतर पेशीही बनवतात.

या प्रयोगावर वाद झाले, अजून आहेत. पण मला त्यातून घ्राणपेशींच्या कामाकडे बघायची वेगळी नजर मिळते. घ्राणपेशी वण मोडत नाहीत. त्या तारापेशींना पांगवत नाहीत, त्यांच्यात राहतात, त्यांना कमी बिथरवतात आणि आपल्यालगत तंतूंना पाय ठेवायला जागा देतात. वणाशी लढणारी पेशी शोधण्यापेक्षा वणाशी जुळवून घेणारी पेशी शोधणं हे मला या साऱ्या संशोधनाचं खरं फळ वाटतं.

चकतीवरचं चित्र प्राण्यात तितकं स्वच्छ राहत नाही. बार्नेट आणि जॉन रिडेल यांच्याच गटाने २००७मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूतले विद्युतसंकेत मोजले. घ्राणपेशी दिलेल्या उंदरांत संकेत सुधारले होते, पण सूक्ष्मदर्शकात पाहता तंतू जखमेच्या आत वाढलेले आणि पलीकडे न गेलेले. मग सुधारणा आली कुठून? जखमेच्या आसपास जे तंतू वाचले होते ते अधिक चांगलं काम करू लागले असावेत. ही कबुली त्यांनी स्वतः, आपल्याच आवडत्या पेशीबद्दल, छापून दिली.

कुत्र्यांची गोष्ट मला सर्वांत भावते. डाशहुंड जातीच्या लांबट कुत्र्यांमध्ये मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जू चिरडण्याचा आजार नेहमीचा. मागचे पाय लुळे, मालक त्याला कापडी पट्ट्याने उचलून फिरवतात. केंब्रिजमध्ये निकोलस ग्रेंजर, निक जेफरी, रॉबिन फ्रँकलिन यांनी अशा ३४ पाळीव कुत्र्यांवर चाचणी केली आणि २०१२मध्ये ती प्रसिद्ध झाली. मालकांच्या संमतीने प्रत्येकाच्या नाकाच्या अस्तरातून पेशी काढून वाढवल्या. काहींना पाठीत त्या पेशी दिल्या, काहींना नुसता द्रव, आणि कुणाला काय दिलं हे ना मालकाला माहीत ना तपासणाऱ्याला. मग प्रत्येक कुत्र्याला ट्रेडमिलवर आधार देऊन चालवायचं आणि पुढच्या-मागच्या पायांचा ताल मोजायचा, महिन्यामागून महिना. पेशी मिळालेल्या कुत्र्यांचा ताल खरोखर सुधारला. मात्र मेंदूपर्यंतचा लांब पल्ल्याचा संदेश परतला नाही आणि लघवीवरचा ताबाही आला नाही. पाठीच्या कण्यातल्या जवळच्या जोडण्या सुधारल्या, मेंदूची तार जोडली गेली नाही. इतकं नेमकं आणि इतकं निःपक्षपाती उत्तर माणसांवरच्या चाचण्यांत अजून मिळालेलं नाही.

माणसांवरच्या प्रयोगांत घाई झाली. ब्रिस्बेनमध्ये अ‍ॅलन मॅके-सिम यांच्या गटाने मात्र रीतसर काम केलं. तीन रुग्णांना त्यांच्याच नाकाच्या पेशी दिल्या, तुलनेसाठी आणखी तीन ठेवले, तीन वर्षं पाठपुरावा केला आणि पद्धत सुरक्षित आहे, पण लक्षणीय सुधारणा नाही, असं सांगितलं. बीजिंगमध्ये हुआंग होंगयुन यांनी गर्भाच्या घ्राणकंदातून घेतलेल्या पेशी शेकडो रुग्णांना दिल्या. तिथे जाऊन आलेल्या सात रुग्णांची बाहेरच्या तज्ज्ञांनी २००६मध्ये तपासणी केली, तेव्हा पाचजणांना मेनिंजायटिससारखी गुंतागुंत झालेली आढळली आणि उपयोग दिसला नाही. लिस्बनमध्ये कार्लोस लिमा पेशी वेगळ्या न करता नाकाच्या अस्तराचा तुकडाच मज्जारज्जूत बसवत. तिथे शस्त्रक्रिया झालेल्या एका तरुणीच्या पाठीत आठ वर्षांनी गाठ सापडली. कापून पाहिलं तर आत नाकाचं अस्तर होतं आणि ते चिकट शेंबूड तयार करत होतं. अमेरिकन डॉक्टरांनी २०१४मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. शुद्ध केलेली घ्राणपेशी आणि नाकाचा अख्खा तुकडा या सारख्या गोष्टी नाहीत, हे तिला भोगून कळलं. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरमध्येही लिमांच्या सहभागाने पाच रुग्णांवर हीच पद्धत वापरली गेली. २००९च्या अहवालात दीड वर्षाच्या पाठपुराव्यानंतर परिणामकारकता दिसली नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. असं लिहायला धैर्य लागतं.

या पार्श्वभूमीवर व्रोत्सवाफचा आराखडा वाचला की त्यातला विचार दिसतो. पाच लाख पेशी ही फार थोडी संख्या. म्हणून त्या मधल्या फटीत वाया न घालवता वरच्या आणि खालच्या काठांत, जिथे तारापेशींचा वण आहे, तिथे सोडल्या. फटीतून तंतू न्यायला नसेतल्या श्वॉन पेशी पुरेशा होत्या. त्यांची अडचण काठावर होती आणि काठावर घ्राणपेशींना बसवलं. आग्वायोंच्या पुलाच्या टोकाला जो उंबरठा होता त्यावरच हा उपाय होता. रेझमन तबाकोव्हांसोबत होते, आणि या कामाला पैसा उभा केला शेफ डेव्हिड निकोल्स यांनी. २००३मध्ये ऑस्ट्रेलियात पोहताना त्यांच्या मुलाच्या मानेला इजा झाली आणि त्याचे हातपाय गेले, त्यानंतर त्यांनी एक फाउंडेशन काढलं. रेझमन २०१७च्या जानेवारीत वारले.

तरीही एक रुग्ण म्हणजे एक रुग्ण. सुधारणा पेशींमुळे झाली, नसेच्या पट्ट्यांमुळे, वाचलेल्या पातळ पट्टीमुळे की रोजच्या पाच तासांच्या व्यायामामुळे, हे एकट्या फिदिकावरून वेगळं काढता येत नाही. तबाकोव्हांच्या गटानेही दुसऱ्या रुग्णांचा शोध घेतला तो म्हणूनच. मायामीत मेरी बंज आणि त्यांचे पती रिचर्ड बंज यांनी आयुष्य श्वॉन पेशींना वाहिलं. त्यांच्या संस्थेने सहा रुग्णांना त्यांच्याच श्वॉन पेशी दिल्या आणि २०१७मध्ये त्या सुरक्षित असल्याचं सांगितलं. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठात जेम्स सेंट जॉन यांचा गट आज घ्राणपेशींचे छोटे त्रिमितीय पूल बनवतो आहे. माणसांवरच्या त्यांच्या चाचणीत प्रत्यारोपणाच्या आधी आणि नंतर कित्येक महिने कसून व्यायाम हा योजनेचाच भाग आहे. याच गटाने २०१४मध्ये दाखवलं होतं की हळदीतल्या कर्क्युमिनच्या अल्प मात्रेने घ्राणपेशी वेगाने वाढतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा जास्त खातात. आपल्याकडे हे वाचून कुणी हळदीच्या गोळ्या विकायला लागेल, म्हणून लगेच सांगतो. तो प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवरचा आहे. हळद खाऊन मज्जारज्जू जोडला जात नाही.

आणि विकणारे आहेतच. मणक्याच्या दुखापतीनंतर पोरगा खाटेवर पडला की नातेवाईक पहिल्या महिन्यातच फोनवर ‘स्टेम सेल’ शोधायला लागतात. मग कुणी कमरेतून मज्जा काढून पाठीत टोचतो, त्याचे लाखो रुपये घेतो, आणि त्यासाठी जमीन विकली जाते. टोचलेली पेशी कोणती, ती वणाजवळ जाऊन तारापेशींशी कशी वागेल, तिथे टिकेल का, याचा पत्ता विकणाऱ्यालाही नसतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत निःसंदिग्ध आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मज्जा-प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर मंजूर चाचणीबाहेर करायचा नाही. मणक्याची दुखापत त्या वगळलेल्या यादीत नाही.

ज्यांच्या घरी हा प्रसंग आला आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. कुणी पेशी टोचतो म्हणाला तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियातला नोंदणी क्रमांक मागा, नैतिक समितीची मंजुरी दाखवायला सांगा, आणि पैसे मागितले तर उठून या. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पेशींची किंमत घेत नाहीत. तो पैसा आणि ते महिने फिजिओथेरपीला द्या, कुशी बदलून शय्याव्रण टाळायला द्या, लघवीची नळी स्वच्छ कशी ठेवायची ते शिकायला द्या. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. जखमी जवानांसाठी खडकीत १९७४पासून पॅराप्लेजिक केंद्र आहे. पुढे कधी घ्राणपेशी किंवा श्वॉन पेशी खरोखर उपयोगी ठरल्या, तर त्या स्वीकारायला रुग्णाचे सांधे मोकळे आणि कातडी शाबूत असावी लागेल. आणि रस्त्यावर किंवा झाडाखाली कुणी पडलेलं दिसलं, तर त्याला ओढून, दुमडून रिक्षात कोंबू नका. मान आणि पाठ सरळ राहू द्या, १०८ला फोन लावा, फळी येईपर्यंत थांबा.